पप्पांचं न लिहिलेलं कार्ड

मला यादीशिवाय जमत नाही. बाजाराची, इस्त्रीच्या कपड्यांची, लग्नात कुणाला बोलवायचं राहिलं त्यांची, अशा याद्या सगळेच करतात. मी कुठल्या याद्या करायच्या राहिल्यात त्याचीही यादी करते. बडोद्याच्या गोरवा भागातल्या ज्या कारखान्याचं स्टोअर मी बरीच वर्षं सांभाळते आहे, तिथे नवा माणूस लागला की त्याला पहिल्या दिवशीच सांगतात, "मॅडमना नुसतं 'झालं' म्हणू नका, टिक केलेलं दाखवा." मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. फक्त एका तक्त्याची आठवण निघाली की माझे कान अजून गरम होतात. तो मी नववीत असताना आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला होता.

आम्ही तेव्हा गोरव्यातच दोन खोल्यांत राहत होतो. पप्पा नोकरीसाठी नगरकडून बडोद्याला आले आणि नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले. मम्मी एका नर्सिंग होममध्ये नर्स होती. घरात घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. आमचा दिवस आवाजांवर चालायचा. कोपऱ्यावर शिफ्टच्या बसचा हॉर्न, मग कुकरची शिट्टी, मग शेजारच्या ज्योत्स्नाबेनच्या झोपाळ्याची कुरकुर, आणि या सगळ्यांच्या मधेमधे पप्पांची तंबाखू. डाव्या तळहातावर चुना लावून उजव्या अंगठ्याने ते ती मळत, आणि मळून झाली की तीन थापा मारत. थप, थप, थप. तिसरी थाप पडली की पप्पा उठणार हे आम्हाला ठाऊक होतं. ज्योत्स्नाबेनचा पोपटसुद्धा त्या थापांची नक्कल करायला शिकला होता, त्यामुळे पप्पा घरात नसतानाही कधी कधी मम्मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आता पुरे हं!"

आमची कढी बडोद्याच्या पाण्याने गोड झाली होती. मम्मीने सुरुवातीला विरोध केला, मग चिमूटभर साखर, मग चमचाभर. पण रविवारच्या मटणाच्या रश्श्यात तिने कुणाला साखर टाकू दिली नाही. उपासनेला जाण्याआधी ती कांदा-खोबरं भाजून वाटून ठेवायची, आणि आम्ही तिघं त्या वाटणाचा वास अंगावर घेऊनच सयाजीगंजमागच्या देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, जायचो. देऊळ एकच, मंडळ्या दोन: साडेआठला गुजराती, साडेदहाला मराठी. आम्ही बसायचो तेव्हा बाकं अजून ऊबदार असायची. बाहेर पडणारे आणि आत शिरणारे दारात एकमेकांना "केम छो" करायचे, चपलांची अदलाबदल व्हायची, आणि एखाद्या रविवारी कुणीतरी दुसऱ्याचं मूलही घेऊन निघायचं.

आमच्या मंडळीत एक जुना रिवाज होता. प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, ज्या रविवारी असेल त्याच्या आदल्या शनिवारी तयारीची सभा व्हायची. सभा संपली की मंडळीचे सेक्रेटरी शिनगारे अंकल पंख्याखाली टेबल मांडून बसायचे. रेल्वेतून निवृत्त झालेले, जाड भिंगांचे, कपाळावर कायम तिकीट तपासतोय अशी आठी. त्यांच्या पुढ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, डब्यात प्रत्येक सभासदाच्या नावाचं एकेक पुठ्ठ्याचं कार्ड. ज्याला प्रभुभोजनाच्या मेजाजवळ यायचं त्याने रांगेत उभं राहून आपलं कार्ड घ्यायचं आणि रविवारी ते ताटात ठेवून पुढे जायचं. कोण आला, कोण आजारी, कोण रुसला, हे अंकलना त्यावरून कळायचं. रिवाजाचा अर्थ एवढाच होता. आम्ही मुलांनी मात्र त्याचा अर्थ परीक्षेच्या हॉलतिकिटासारखा लावला होता.

पप्पा शनिवारी कधी जात नसत. रविवारी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसत, घसा मोकळा सोडून गात, आणि भाकर-द्राक्षारसाची वेळ आली की हळूच उठून "स्कूटर बघून येतो" म्हणून बाहेर जात. लहानपणी मला खरंच वाटायचं की बडोद्यात स्कूटर फक्त प्रभुभोजनाच्या वेळीच चोरीला जातात. नववीत गेल्यावर मी मम्मीला विचारलं. ती कणीक मळता मळता म्हणाली, "त्यांना विचार." मग मी त्यांना विचारलं. पप्पांनी दोन्ही तळहात माझ्या नाकासमोर धरले. "हुंग. काय वास येतो?"

"तंबाखूचा."

"या हातांनी भाकर घेऊ? गावाकडे एका वडिलांनी, म्हणजे मंडळीच्या पंचाने, मला रांगेतून बाहेर काढलं होतं. म्हणाले, आधी हात स्वच्छ करून ये, वसंता. आता सुटली की जाईन."

"किती दिवस झाले त्याला?"

"अकरा वर्षं," पप्पा म्हणाले, आणि थप, थप, थप.

त्या वर्षी ईस्टरला माझं पहिलं प्रभुभोजन होतं. त्याआधी आम्हा पाच मुलांचा चर्चच्या पाळकसाहेबांकडे धर्मशिक्षणाचा वर्ग चालायचा. ते प्रश्न विचारायचे, आम्ही एका सुरात उत्तरं द्यायचो. "तारण कशाने?" "विश्वासाने!" "आपल्या चांगल्या कामांनी नाही का?" "नाही!" "मग चांगली कामं कशाला?" इथे चौघं गप्प बसायची आणि मी एकटी सांगायची, "ती तारणाचं फळ आहेत, मोबदला नव्हे." पाळकसाहेब खूश व्हायचे. पंचवीसपैकी पंचवीस. या उत्तराचा माझ्याशी, म्हणजे वर्ग सुटल्यानंतरच्या माझ्याशी, काही संबंध असेल असं मला अजिबात वाटलं नव्हतं.

पहिल्या प्रभुभोजनाला मुलाच्या एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला बाप उभा राहायचा. मला माझी दुसरी बाजू रिकामी नको होती. तेवढं एकच मला हवं होतं, आणि हवं ते मिळवायची माझी पद्धत ठरलेली होती. कारखान्याच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी स्केचपेनने ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचा तक्ता आखला. वरच्या ओळी माझ्या: मम्मीला उलट उत्तर नाही, खोटं नाही, केबल नाही, गणिताच्या वहीत बघून लिहिणं नाही, सकाळी उठून प्रार्थना. खाली जाड लाल रेघ, आणि रेघेखाली एकच ओळ: पप्पा – तंबाखू नाही. घरात केबल नुकतीच आली होती हे लक्षात घेतलं तर माझा त्याग काही कमी नव्हता.

पप्पा तक्त्यासमोर उभे राहून बराच वेळ वाचत राहिले. "आमच्या सुपरवायझरपेक्षा कडक दिसतेयस तू."

"रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने खूण करायची. फसवायचं नाही."

"कुणाला?"

"देवाला," मी म्हणाले. पप्पा हसले नाहीत, हे मला आज आठवतं.

पहिला आठवडा घरात युद्धासारखा गेला. पप्पांचा अंगठा रिकामा तळहात मळत राही. ज्योत्स्नाबेनला बातमी लागली तशी ती स्टीलची वाटी भरून मुखवास घेऊन आली, भाजलेली बडीशेप, तीळ, धनाडाळ. पप्पांनी ती संध्याकाळपर्यंत संपवली. दुसऱ्या दिवशी दुसरी वाटी. चौथ्या दिवशी ती दारात उभी राहून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वसंतभाई, तमे तो बकरी थई गया! आखो दिवस चाव चाव!"

"शुं करूं, बेन," पप्पा तोंड भरलेलं असताना म्हणाले, "घरमां नवी सुपरवायझर आवी छे."

पोपट मात्र थापा मारतच होता. प्रत्येक वेळी पप्पांचा हात खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. आणि दर संध्याकाळी रेघेखालच्या चौकटीत एक हिरवी खूण पडायची. माझ्या ओळींतही पडत होत्या. वर्गात मी याची साक्ष दिली. चार मुलांसमोर उभं राहून सांगितलं की माझ्यात बदल झाला आहे, आणि आमच्या पप्पांमध्येसुद्धा. पाळकसाहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि विचारलं, "तक्ता कुठे लावलायस?" मी म्हणाले, दाराला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. "हं," ते म्हणाले.

त्याच सुमारास शिनगारे अंकलचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. कार्डं कोण लिहिणार? माझं अक्षर मंडळीत प्रसिद्ध होतं. अंकलनी सभासदांची यादी, कोऱ्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा आणि निळ्या शाईचं पेन माझ्या हाती दिलं. "एक नाव, एक कार्ड. कुणाला गाळायचं नाही, कुणाचं दोनदा लिहायचं नाही. जमेल?" मला! यादी! मी जणू काही मंडळीची सूत्रंच हाती घेतली.

तेहतिसाव्या दिवशी मी पप्पांची स्कूटर पुसायला काढली. माझ्या त्या आठवड्याच्या चांगल्या कामांत ते होतं. डिकीतून फडकं ओढलं आणि त्याच्याबरोबर दोन झाकणांची डबी बाहेर पडली. एका बाजूला ताजी तंबाखू, दुसऱ्या बाजूला ओला चुना. मी ती डबी तळहातावर धरून पप्पांची वाट बघत तिथेच उभी राहिले. ते बाजारातून आले, डबी पाहिली आणि जागच्या जागी थांबले.

"कारखान्यात खातो," ते म्हणाले. "दिवसाला दोनदा. आधी दहादा व्हायची."

"तक्त्यावर तर रोज खूण आहे!"

"तक्ता घरात आहे ना. म्हणून घरातलं लिहिलं."

"पप्पा!"

"एक दिवस चुकला तर तुझा अख्खा तक्ता खराब झाला असता, शुभे. एवढा सुंदर आखला होतास."

मी आत गेले, लाल स्केचपेन घेतलं आणि त्यांच्या बत्तीसच्या बत्तीस खुणांवर फुल्या मारल्या. मम्मी म्हणाली, "अगं, जेवायचं ताट तरी वाढू दे त्यांना." मी उलट उत्तर दिलं. त्या संध्याकाळी माझ्या ओळीत मात्र मी हिरवी खूण केली, कारण असत्याविरुद्ध दिलेलं उत्तर हे उलट उत्तर धरायचं नाही असं मी ठरवलं होतं. आणि जेवणं झाल्यावर कार्डं लिहायला बसले. भालेकर, भालेकर, भालेराव शुभांगी, भालेराव सुनंदा. सुनंदा म्हणजे मम्मी. पुढचं नाव भालेराव वसंत याकोब. मी पेन उचललं, नावाकडे पाहिलं आणि खाली भिंगारदिवेंवर गेले. नाही तरी ते नेतात कुठे, असं स्वतःला सांगितलं. आयुष्यात यादीतलं नाव मी जाणूनबुजून सोडलं ते तेवढंच.

शनिवारी तयारीच्या सभेला मम्मी आणि मी पुढे बसलो होतो. कार्डांचा डबा मीच आडनावांच्या क्रमाने लावून अंकलच्या पुढ्यात ठेवला होता आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले होते, कारण त्यांना अजून नीट दिसत नव्हतं. रांग सरकत होती. माणूस नाव सांगे, मी कार्ड काढून अंकलच्या हातात देई, अंकल त्याच्या हातात. मी मान वर केली आणि रांगेत पप्पा उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले, हात इतके घासलेले की बोटांची कातडी पांढरी पडली होती. लाल साबणाचा वास टेबलापर्यंत येत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते शनिवारी आले होते.

"वसंत याकोब भालेराव," ते शाळेतल्या मुलासारखे म्हणाले.

अंकल स्वतःच डब्यात हात घालून चाचपायला लागले. भिंगांजवळ एकेक कार्ड धरून पुटपुटत. "भालेकर... भालेराव शुभांगी... सुनंदा... भिंगारदिवे. हे कसं? नाही इथे."

पप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, कारखान्याच्या गेटवर आपलं नाव आज बोर्डावर नाही हे माणूस वाचतो ना, तसं. "असू दे, साहेब," ते हसून म्हणाले. "नसेल तर नसेल. मी जरा स्कूटर बघून येतो."

त्या शब्दाने माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. एवढंच कळलं की आत्ता बोलले नाही तर तो शेवटचा बाक कायमचा त्यांचा होईल, आणि या वेळी रांगेतून बाहेर काढणारा गावाकडचा वडील मी असेन. स्टूल सरकवताना ते आडवं पडलं. "कार्ड मी लिहिलं नाही!" मी ओरडलेच. "यादीत नाव होतं. मी मुद्दाम सोडलं. त्यांची तंबाखू सुटली नाही म्हणून."

अंकलनी भिंगं माझ्याकडे वळवली. "आणि तुझं कुणी लिहिलं?"

"मीच."

"तुझं काय काय सुटलं?"

मी तक्ता आठवला. हिरव्या खुणांच्या पाच ओळी आठवल्या. मग पप्पांचा आवाज आला, हळू, फक्त टेबलापुरता. "साहेब, तिला नका विचारू. शेवटच्या आठवड्याच्या खुणा तिने सोमवारीच करून टाकल्यात. एकाच बैठकीत. शाई सांगते. आमच्याकडे लॉगशीट असते ना, दर तासाला तापमान लिहायचं, रात्रपाळीवाले सकाळी एकदम भरतात. दहा वर्षं बघतोय मी." आणि घाईने पुढे म्हणाले, "पण तिचं कार्ड राहू द्या. पोरगी चांगली आहे."

मला जमिनीने गिळावं असं वाटलं. त्यांना सोमवारपासून माहीत होतं! माझ्या लाल फुल्या त्यांनी गुमान सोसल्या आणि माझ्या खोट्या हिरव्या खुणांबद्दल अवाक्षर काढलं नाही. आणि आता सांगत होते तेही माझी वकिली करण्यासाठी.

अंकलनी डब्यातली सगळी कार्डं बाहेर काढली, तळाचा वर्तमानपत्राचा कागद उचलला आणि त्याखालून रबरबँड लावलेला एक गठ्ठा काढून पप्पांसमोर ठेवला. वरची कार्डं पांढरी, खालची पिवळी, अगदी तळाची कोपऱ्यांवर मऊ पडलेली. सगळ्यांवर अंकलच्या टोकदार अक्षरात एकच नाव. श्री. वसंत याकोब भालेराव.

"दर वेळी लिहितो," अंकल म्हणाले. "तू नेत नाहीस. म्हणून मी लिहायचं थांबवायचं का? आणि आज कसा काय आलास?"

पप्पांनी वरच्या कार्डाला बोट लावलं. "पाळकसाहेबांकडे गेलो होतो. सगळं सांगितलं. ते म्हणाले, अकरा वर्षं बाहेर उभा राहून सुटली का? म्हटलं नाही. म्हणाले, मग आता आत येऊन बघ. प्रभू धुतलेले हात मागत नाही, रिकामे मागतो." मग जरा ओशाळून, "तरी पण धुतले मी. चारदा."

"यातलं हवं ते घे," अंकल म्हणाले.

"नको," पप्पा म्हणाले. "तिलाच लिहू दे."

मी लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट अक्षर. 'भालेराव' खाली उतरत गेलं आणि 'याकोब'वर शाईचा थेंब पडला. पप्पांनी ते उजेडात धरून पाहिलं. "आमच्या सुपरवायझरचं अक्षर बिघडलं," ते म्हणाले आणि कार्ड वरच्या खिशात ठेवलं. घरी गेल्यावर मी तक्ता काढायला लागले तर चिकटपट्टीबरोबर दाराचा रंग निघाला. तो डाग आम्ही घर सोडेपर्यंत तिथे होता.

ईस्टरला मी मध्ये उभी होते, डावीकडे मम्मी, उजवीकडे पप्पा. पाळकसाहेब भाकर घेऊन आमच्यापाशी आले तेव्हा पप्पांनी दोन्ही तळहात पुढे केले, एकावर एक. लाल साबणाचा वास होता, आणि त्याखाली, अगदी खाली, तंबाखूचाही. मला तो ओळखता आला. पाळकसाहेबांनाही आलाच असणार. त्यांनी भाकर ठेवली. मी माझ्या वाट्याची घेतली तेव्हा एकही खूण माझ्या नावावर नव्हती, आणि पंचवीसपैकी पंचवीस मिळवलेलं ते उत्तर मला पहिल्यांदा समजलं. दुपारी मम्मीने रस्सा इतका तिखट केला की ज्योत्स्नाबेनला नुसत्या वासाने ठसका लागला.

लोक विचारतात, मग तंबाखू सुटली का? सुटली. दोनेक वर्षांनी, कुठल्या दिवशी ते कुणालाच सांगता येत नाही. मम्मीने एकदा डिकीतली डबी उघडली तर चुन्याचा दगड झालेला. "अहो, किती दिवस खाल्ली नाहीत?" पप्पांनी आठवून पाहिलं आणि म्हणाले, "अरेच्चा." तक्ता असता तर तारीख सापडली असती. पोपट त्यानंतरही कितीतरी वर्षं थापा मारत होता.

शिनगारे अंकलनंतर तो बिस्किटांचा डबा माझ्याकडे आला. यादी आता कॉम्प्युटरवर आहे, कार्डं मात्र मी हातानेच लिहिते. माझी मुलगी म्हणते, "मम्मी, निम्मे लोक येतच नाहीत. कशाला पुठ्ठा वाया घालवतेस?" तिचं गणित बरोबर आहे. न नेलेली कार्डं मी रबरबँड लावून वर्तमानपत्राखाली ठेवते आणि पुढच्या वेळी त्यांचीही नवी लिहिते. कुठल्या शनिवारी कोण चारदा हात धुऊन रांगेत येऊन उभा राहील, याची यादी मला करता येत नाही.